जुना ट्रॅक्टर वाचायचा कसा?

आजचा विषय जुन्या ट्रॅक्टरांचा आहे आणि आपण बोलतोय धाटावला, म्हणजे कुंडलिकेच्या काठी, जिथे भातखाचरांच्या शेजारी औद्योगिक वसाहत उभी आहे. सातारा, सांगली, नाशिककडे गोठ्यामागे गंजत उभा असलेला एखादा जुना ट्रॅक्टर नवलाचा नाही. रोह्याच्या पट्ट्यात मात्र तो शोधावाच लागतो. असं का? या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

आधी थोडी कालरेषा. महाराष्ट्रात यंत्रशेतीची गोष्ट लोखंडी नांगरापासून सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना हलवला, तीच किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत होती, ती मोडायला वेळ लागला. ट्रॅक्टर सरकारी पातळीवर आला तो १९४७ नंतर. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराने मागे ठेवलेली यंत्रं घेतली आणि मध्य भारतातल्या कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडायला काढल्या. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, तेही मुख्यतः याच कामासाठी.

भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९चा. जर्मन आयशरच्या सहकार्याने तो फरिदाबादला तयार झाला. १९६१-६२ मध्ये देशाचं वर्षाचं उत्पादन होतं फक्त ८८०! बाकी सगळी भिस्त आयातीवर. पुढे १९६०च्या दशकात मुंबईत, कांदिवलीला, महिंद्रांच्या भागीदारीत इंटरनॅशनल बी-२७५ बनू लागला. मूळ आराखडा इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्याचा, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद ३५ हॉर्सपॉवर. मागणी इतकी की लोक नंबर लावून वाट बघायचे आणि १९६७ साली सरकारला किमतींवर नियंत्रण आणावं लागलं.

आता बघा, कांदिवली आपल्यापासून शे-सव्वाशे किलोमीटरवर. तरी ट्रॅक्टर घाटावर गेला, इथे फारसा आला नाही. कारण जमिनीतच आहे. आपली खाचरं लहान, दर चार पावलांवर बांध. दीड टनाहून जड यंत्र चिखलणीत उतरवलं तर रुततं, आणि वळवायला गेलं तर बांध फुटतो. खारभूमीत तर विचारूच नका. शिवाय पीक एकच, पावसाळी भात. मोजके दिवस कामाचे, उरलेलं वर्ष यंत्र उभं. मग हप्ता फेडायचा कशातून?

म्हणून इथे बैलाचं जोत टिकलं, आणि त्याच्या जागी पुढे आला तो पॉवर टिलर. ही जपानच्या भातशेतीतून आलेली वस्तू. बेंगळुरूच्या व्हीएसटीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस मित्सुबिशीच्या सहकार्याने तो आणला. वजनाला हलका, हाताने वळणारा, केजव्हील लावलं की चिखलात चालणारा. तेव्हा कोकणात संग्रह करायचा तर नुसता ट्रॅक्टर शोधून भागणार नाही. टिलर, ऑइल इंजिन, लाकडी नांगर, गुटा, हे सगळं त्याच इतिहासाचे दस्तऐवज आहेत.

दस्तऐवज म्हटलं, कारण यंत्र वाचता येतं. जुन्या ट्रॅक्टरच्या मागे जा. हायड्रॉलिकच्या दांड्यांची भोकं जवळजवळ नव्यासारखी, पण ट्रॉलीचा हूक झिजून पातळ झालेला. याचा अर्थ काय? हा ट्रॅक्टर नांगराला कमी आणि ओढकामाला, विटा-वाळू वाहायला, जास्त जुंपला गेला. उलट दांड्या सैल आणि हूक शाबूत, तर तो खरा नांगरटीचा गडी. मालकाच्या आठवणी बदलतात, झीज बदलत नाही.

तीच गोष्ट सुट्या भागांची. विलायती मूळ इंजिनावर मायकोचा डिझेल पंप दिसला की समजावं, दुरुस्ती देशात झाली. मायको म्हणजे १९५१ला बेंगळुरूत सुरू झालेली, बॉशचे पंप इथे बनवणारी कंपनी. आयातीचे पार्ट मिळेनात तेव्हा गावोगावच्या लेथवर बुश, पिना बनल्या. नाशिकला किर्लोस्करांनी डॉइट्झच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढले, ते उत्पादन बंद झालं आणि त्यांच्या मालकांनाही लेथवाल्याचाच आधार उरला. मग मूळ भाग कोणता? कारखान्यातून आलेला, की तीस वर्षं शेत चालवणारा?

आमचं मत असं की दोन्ही जपावेत. ओरिजनल भाग मिळाला तर जरूर बसवा, पण काढलेला गावठी भाग फेकू नका. चिठ्ठी लावून ठेवा. सगळा ट्रॅक्टर एकदम खरवडून चकचकीत रंगवू नका. जुन्या रंगाचा एक तुकडा तसाच राहू द्या. पिस्टन जाम असेल तर टोचन लावून ओढू नका. इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये डिझेल-ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग फ्लायव्हील हाताने थोडं थोडं हलवा. दमट, खारट हवेत गंज लवकर धरतो, म्हणून आपल्याकडे ही घाई करून चालत नाही.

आणि धाटावकडे एक जमेची बाजू आहे. ज्या जमिनीवर नांगर चालायचा तिथे आज कारखाने आहेत, पण त्याच कारखान्यांमुळे घरोघरी फिटर, टर्नर, वेल्डर तयार झाले. शेती सुटली तरी शेतीची यंत्रं पुन्हा चालू करायचे हात इथेच आहेत.

अडचण वेळेची आहे. भंगारवाला किलोवर भाव करतो, आणि एकदा यंत्र वितळलं की झीज वाचायला काही उरत नाही. यंत्र विकावं लागलं तर विका, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण त्याआधी इंजिन नंबर आणि चासी नंबर उतरवून घ्या, पाटीचा फोटो काढा, खरेदीची पावती आणि कर्जाचे कागद असतील ते ठेवा. आणि ज्याने ते चालवलं, त्याला विचारून घ्या, पहिला पार्ट कधी मोडला आणि तो कुणी बनवून दिला. कोकणच्या शेतीचा हा भाग अजून कुणी लिहिलेला नाही असं समजूनच कामाला लागू.