शिशुशिक्षणाची वाटचाल : भावनगर, बोर्डी, कोसबाड

बालकाचे वय व शक्ती पाहून शिक्षण योजावे, हे तत्त्व आज सर्वजण मान्य करतात. परंतु ते आपल्याकडे कोणी व कोणत्या कष्टाने रुजविले, हे आपल्या ज्ञातीतील तरुण मातापित्यांस क्वचितच ठाऊक असते.

इ. स. १९०७ मध्ये डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत तेथील मुले अक्षरे ओळखू लागली. लेखनापूर्वी हात तयार व्हावा, हे त्यामागील सूत्र. पुढे भावनगरचे गिजुभाई बधेका वकिली सोडून या कार्यात पडले व १९२० साली तेथे बालमंदिर निघाले. राजकोटच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

येथवर हे शिक्षण बहुतांशी शहरांतील सुस्थितीतल्या मुलांपुरते राहिले होते, साधनेही महाग. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्यासमवेत आल्या. गोरगरिबांची मुले आपण होऊन बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकाच वस्तीवर जाऊन कोणाच्या तरी अंगणात त्यांस जमवू लागल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. प्रथम आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे; मग गाणी, गोष्टी आणि बिया, पाने, खडे, शिंपले यांची निवड व मांडणी. या फुकटच्या वस्तूंनीच महाग साधनांची जागा घेतली.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत आणि थोरल्या मुली धाकटी भावंडे सांभाळीत. शाळेत यावे कोणी? तेव्हा गुरांमागे जाणारी कुरणशाळा निघाली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडीही. मुलाचा दिवस कसा जातो हे आधी पाहिले, वेळापत्रक मागाहून केले. माझ्या मते ताराबाईंची थोरवी यातच आहे.

हे सविस्तर लिहिण्यास कारण आहे. आपल्या मंडळाच्या नियोजित बालवर्गाची चर्चा सभेत झाली, तेव्हा तीन वर्षांच्या मुलांकडून शंभरापर्यंत अंक लिहवून घ्यावेत, असा पुष्कळ पालकांचा आग्रह दिसला. आपली मुले मागे पडतील ही भीती मी जाणतो. तथापि ज्या बोटांस अद्याप मणी ओवता येत नाहीत, त्यांत पेन्सिल देऊन काय साधणार? पाच बिया मोजून वाटीत टाकणारे मूल पुढे पाचाचा आकडा आनंदाने काढते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे एकच पायाभूत टप्पा मानून खेळावर भर दिला आहे. मंडळाने आपला निधी बाकांवर न घालता वाळू, मणी, मातीकाम आणि एका प्रशिक्षित शिक्षिकेच्या वेतनावर खर्चावा, असे माझे स्पष्ट मत आहे. (गोष्टी सांगावयास ज्ञातीतील आजीबाई पुष्कळ आहेत, त्यांस वेतन नको.)

१९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना आरंभिली, तेव्हा तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. ताराबाई त्यापूर्वी दोन वर्षे निवर्तल्या होत्या. अनुताईंस मात्र ते पाहावयास मिळाले. त्या १९९२ पर्यंत होत्या.