तळातलं पाणी

लाकडी होडीत पाणी येतं. फळीला फळी जोडली की सांधा आला, आणि सांधा आला की समुद्राला वाट मिळाली. म्हणून कोकणातल्या नौकांचा इतिहास सांगायचा तर शिडांपासून किंवा तोफांपासून सुरुवात करू नये, तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून करावी, असं मला वाटतं. माझं आयुष्य हर्णै-दाभोळकडच्या बंदरांवर इंजिनं आणि पंप दुरुस्त करण्यात गेलं. बोटीत पाणी साठतंय म्हणून हाक आली की लोक मला पंप दाखवायचे. मी आधी पाणी बघायचो.

या किनाऱ्यावरच्या तळातल्या पाण्याची एक जुनी लेखी नोंद एका परदेशी पाद्र्याची आहे. जॉर्डनस हा फ्रेंच धर्मप्रचारक 1321 साली ठाण्याला होता. इकडची जहाजं त्याने नीट पाहिली. ती चांगली मोठी, पण त्यांत लोखंडाचा खिळा नाही, फळ्या दोरीने शिवलेल्या, वर छप्पर नाही. आत पाणी इतकं येतं की माणसांना जवळजवळ सदासर्वकाळ डबक्यात उभं राहून ते उपसावं लागतं, असं त्याने लिहून ठेवलं. त्याला हा दोष वाटला. पण शिवलेली होडी लाटेत लवते. पुळणीवर आपटली तरी फुटत नाही, शिवण सैल झाली तर पुन्हा घालता येते. त्या बदल्यात पाणी उपसायला माणसं ठेवायची, हा सौदा या किनाऱ्याने समजून-उमजून केला होता. त्या माणसांची नावं कुठेच नाहीत. सातशे वर्षांपूर्वीचा इथला पंप म्हणजे तीच माणसं.

पुढे खिळे आले आणि सांध्याची कारागिरी बदलली. 1750 मध्ये मुंबईत आलेल्या ग्रोस नावाच्या इंग्रजाने इथल्या सुतारांची एक रीत नोंदवली आहे: फळ्यांच्या कडांना खाच पाडून त्या एकमेकींत बसवायच्या. विलायतेत दोन फळ्या नुसत्या शेजारी ठेवून मधली फट जुन्या दोरांच्या धाग्यांनी आणि डांबराने भरत. आपल्याकडे लाकूडच लाकडात अडकवत, मध्ये कापूस आणि राळ. असा सांधा करायला वेळ लागतो, हात लागतो, पण तो पाण्याला सरळ वाट देत नाही. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत याच किनाऱ्याची कारागिरी आणि सागवान वापरून जहाजं बांधली. त्यांतलं 1817 साली पाण्यात सोडलेलं ‘ट्रिंकोमली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेलं आहे. सागाचा एक गुण इथे सांगायलाच हवा. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळा गंजतो आणि खिळा झिजला की त्याच्याच भोकातून पाणी येतं. सागातल्या तेलात खिळा टिकतो. जहाज किती वर्षं जगणार हे अशा बोटभर जागी ठरतं.

पाणी खालूनच येतं असं नाही. मराठी आरमारातल्या गुराब या लढाऊ जहाजाची नाळ, म्हणजे पुढची बाजू, लांब, पुढे झुकलेली. समोरून लाट आली की नाळ पाण्यात शिरायची. तिच्यावर सपाट तक्तपोशी होती, पण बाजूंना कठडा मुद्दाम ठेवलेला नसे. आलेली लाट दोन्ही अंगांनी परत समुद्रात जावी हा हेतू. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने ही रचना बारकाईने वर्णन केली आहे. तिथे कठडा घातला असता तर प्रत्येक लाट नाळेवर अडून बसली असती. पाणी आत घेऊन मग फेकण्यापेक्षा ते थांबूच नये, ही बुद्धी मला फार मोठी वाटते.

पावसाळ्यात नौका वर ओढून शाकारायच्या, झापांनी झाकायच्या, ही चाल तर अजून आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीची व्यवस्था तपशिलाने सांगितली आहे. शाकारलेली होडी उन्हापावसापासून वाचते, पण लाकूड सुकतं आणि सांधे उघडतात. म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधी चंद्रूस, तेल आणि कापूस घेऊन फटी भरायच्या, तळाला चुना आणि चरबी चोपडायची, आत ओली गोणपाटं अंथरायची. एवढं करूनही पाण्यात उतरवलेली होडी पहिले काही दिवस गळतेच. लाकूड फुगेपर्यंत धीर धरावा लागतो. त्या दिवसांत घाबरून नव्या फटीत लाकडाच्या चिपा ठोकणारा माणूस होडीचं नुकसान करतो, कारण फुगलेली फळी चिपेवर दाबली जाऊन शेजारचा सांधा उचलते.

आमच्या वाडीतले, होडी चालवणारे एक म्हातारे तांडेल पोरांना पाणी उपसायला बसवायचे तेव्हा म्हणायचे, “फेकायच्या आधी चाखून बघ रे.” सगळी विद्या या वाक्यात आहे. खारं लागलं तर समुद्र आत आलाय. गोडं लागलं तर पाऊस, किंवा पिण्याच्या पाण्याचं पिंप फुटलंय. मचूळ आणि माशाचा वास असेल तर बर्फाच्या खणातून झिरपतंय. वर तेलाचा रंगीत तवंग असेल तर इंजिनाकडे जा. करवंटीने किंवा तिरक्या कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने उपसणाऱ्याला हे रोज कळायचं. काल किती डबे निघाले, आज किती, हा हिशेब त्याच्या खांद्यालाच ठाऊक असे.

हा हिशेब चुकला तर काय होतं, याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण कॅप्टन कुकच्या रोजनिशीत आहे. 1770 च्या जूनमध्ये ‘एंडेव्हर’ ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळावर चढलं. चारपैकी तीनच पंप चालत होते. पाणी मोजणारा माणूस बदलला. पहिला आतल्या फळीपासून मोजत होता, दुसऱ्याने बाहेरच्या फळीपासून मोजलं. सोळा-अठरा इंचांचा फरक पडला आणि पाणी पंपांवर मात करतंय असं वाटून सगळ्या जहाजाचं धैर्य खचलं. चूक कळली तेव्हा तीच थकलेली माणसं दुप्पट जोराने पंपाला भिडली. पाणी कमी झालं नव्हतं, फक्त ते किती आहे हे नीट कळलं होतं.

आपल्याकडे खरा पालट 1950 च्या दशकात झाला, मच्छीमार नौकांना इंजिनं बसू लागली तेव्हा. या पालटाच्या एका भागाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शिडाच्या होडीला पाण्याखाली मुद्दाम पाडलेलं भोक नसायचं. इंजिनाने ते पाडलं, कारण पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर काढावा लागतो. त्या भोकात पाणी अडवायला ग्लँड, ग्लँडमध्ये चरबी लावलेली दोरी. ती दोरी फार आवळली तर शाफ्ट तापतो, सैल सोडली तर धार लागते. शाफ्ट फिरत असताना थेंब-थेंब पाणी आत यायलाच हवं, त्यानेच तो थंड राहतो. म्हणजे आता तळात पाणी आपणच आणू लागलो. मग इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप आला, चामडी वायसरचा हातपंप आला, आणि पुढे बॅटरीवरचा पंप. पाण्यावर तरंगणारा फ्लोट उचलला गेला की आपोआप चालू, पाणी उतरलं की बंद.

या छोट्या पंपाचे उपकार मी नाकारणार नाही. रात्री नांगरावर असलेल्या बोटीतले खलाशी त्याच्या जिवावर झोपतात. पण तो बिघडतो कुठे ते सांगतो. मोटर क्वचित जळते. पंपाच्या तोंडावरच्या जाळीत खवले आणि नायलॉनचे धागे अडकतात. फ्लोट दोरीत गुंततो. तळातल्या खाऱ्या पाण्यात लोंबणारा वायरचा जोड हिरवा पडतो. खोक्यावर लिहिलेलं माप पाणी अजिबात उचलायचं नसताना मोजलेलं असतं. कठड्यापर्यंत चढवलं, त्यातही पन्हाळी पाइपातून, की त्याहून बरंच कमी पाणी निघतं. आणि पंप ठणठणीत असूनही नाळेशी पाणी उभं असेल, तर तळाच्या फासळ्यांखाली सुताराने पाणी वाहायला ठेवलेली भोकं गाळाने बुजलेली असतात. तारेने ती मोकळी केली की पाणी आपणहून पंपाकडे येतं.

एक प्रकार विशेष लक्षात ठेवावा. रिकाम्या बोटीत पाणी बाहेर टाकणारं तोंड समुद्राच्या वर असतं. मासळी आणि बर्फ भरला की बोट खाली बसते, तोंड पाण्याखाली जातं, आणि पंप थांबताच त्याच पाइपातून समुद्र उलटा आत येतो. अशा एका बोटीवर पंप दोनदा बदलला होता. पाइपाला कठड्याइतकी उंच कमान दिली, कमानीच्या माथ्यावर हवा घेणारं बारीक छिद्र ठेवलं, आणि पाणी थांबलं. आपोआप चालणाऱ्या पंपाने हा उलटा प्रवाह बरेच दिवस लपवला होता, म्हणूनच तो किती वेळा सुरू होतो हे तांडेलाने कान देऊन मोजावं असा माझा आग्रह असतो.

आता जुन्या लाकडी होड्यांवर फायबरचा थर चढवतात. गळती थांबते. पण थराला चीर गेली की पाणी लाकूड आणि फायबर यांच्यामध्ये अडकतं, तिथे ना करवंटी पोचते ना पंप, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी फळी आत कुजते. होडी वर ओढल्यावर लाकडी ठोकळ्याने तळ वाजवत जावा. जिथे आवाज बद्द येतो, तिथला थर काढून लाकूड सुकू द्यावं. नाळेखाली ओंडका सारून ती उंच ठेवावी, तळाचं बूच काढून खिळ्याला बांधावं, आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा जाऊन भोकात पाला तर अडकला नाही ना, ते बघावं.