बेडकाच्या कानातला ओळंबा

कुंभकोणम् हे कावेरीकाठचे गाव मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ च्या तहापर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसले राजांच्या अमलाखाली होता. तेथील शार्ङ्गपाणि मंदिराचे अकरा मजली गोपुर सरळ उभे राहिले, त्यामागे गवंड्याच्या हातचा ओळंबा असणारच. गावाभोवतीच्या भातखाचरांत पावसाळी रात्री ओरडणाऱ्या बेडकापाशीही असाच एक ओळंबा असतो. तो मात्र त्याच्या कानात दडलेला असतो.

बेडकाच्या अंतःकर्णात सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात आणि त्यांच्यावर चुनखडीच्या बारीक स्फटिकांचा थर पसरलेला असतो. डोके कलले की हे जड स्फटिक किंचित सरकतात, त्यांच्याखालचे केस वाकतात आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे वर्दी जाते. तत्क्षणी मान आणि पाय आपली ठेवण बदलतात.

ही उकल मात्र सावकाश झाली. १८६९ साली गोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मोठा मेंदू काढलेला बेडूक फळीवर बसविला आणि फळी हळूहळू कलती केली. बेडूक घसरून पडला नाही. तो तोल सांभाळीत वर चढत गेला. तोल राखण्यास मोठ्या मेंदूची गरज नाही, हे त्यावरून दिसले. पुढे व्हिएन्नाच्या ब्रॉयरने गुरुत्वाची जाणीव कानातील खड्यांकडे असल्याचे मत मांडले. त्याला पुरावा मिळाला तो कोळंबीकडून. कोळंबी कात टाकल्यावर आपल्या तोलेंद्रियात वाळूचे नवे कण भरून घेते. १८९३ साली क्राइडलने तिला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. मग लोहचुंबक जवळ नेताच कोळंबी कलली. तिच्या लेखी 'खाली' ही दिशाच बदलली होती.

गुरुत्वाची ओढच जाणवेनाशी झाली तर हा ओळंबा काय सांगेल? ९ नोव्हेंबर १९७० रोजी अमेरिकेने दोन बेडूक उपग्रहातून अंतराळात धाडले. त्यांच्या तोलाच्या मज्जातंतूंना बारीक तारा जोडल्या होत्या. आरंभी संदेशांत मोठा फरक पडला. काही दिवसांनी ते बऱ्याच अंशी पूर्ववत् झाले. बदललेल्या परिस्थितीशी मज्जासंस्था जुळवून घेते, असा त्याचा अर्थ. सुमारे सहा दिवसांनी विद्युत्घट संपले. त्या बेडकांना परत आणण्याची योजनाच नव्हती. पुढे १९९० साली जपानचे पत्रकार अकियामा यांच्यासमवेत मीर स्थानकावर गेलेले वृक्षमंडूक मात्र पृथ्वीवर परतले.

माणसाच्या कानातही असेच खडे आहेत. अंतराळात प्रथमच जाणाऱ्याला घेरी का येते आणि काही दिवसांत ती का ओसरते, हे समजण्यास त्या दोन मुक्या जीवांनी हातभार लावला. आपल्याकडे १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबविण्यात आली, ती ते शेतातील किडे खाऊन पिकाचे रक्षण करतात म्हणून. बेडकाचे माणसावरील ऋण शेतापुरतेच नाही, हेही यापुढे ध्यानात ठेवावयास हवे.