काबूलच्या घरातलं शिवणकाम

तयार माल बाजारात कोणी न्यायचा, यावरून आमच्या गटात परवा पुन्हा वाद झाला. "घरचे सोडत नाहीत" हे उत्तर ठरलेलंच. त्यावरून आम्हाला काबूलच्या कमिला सिदिकीची आठवण झाली.

अफगाणिस्तानात बरीच वर्षं लढाई चालू होती. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने राजधानी काबूल ताब्यात घेतली. मुलींच्या शाळा बंद झाल्या, बायकांच्या नोकऱ्या गेल्या. बाहेर पडायचं तर अंगावर बुरखा आणि सोबत बाप, भाऊ किंवा नवरा हवा. अशा पुरुषाला तिथे महरम म्हणतात. कमिलाने शिक्षिका होण्याचं शिक्षण नुकतंच पुरं केलं होतं. वडील आणि मोठा भाऊ जिवाच्या भीतीने शहर सोडून गेले. मागे बहिणी आणि धाकटा भाऊ रहीम. आता घर चालायचं कसं?

थोरली बहीण मलिका शिवण जाणत होती. तिच्याकडून कमिला शिकली. नमुन्याचा एक पोशाख पिशवीत घातला, शाळकरी रहीमला बरोबर घेतलं आणि बाजारात दुकानदारापुढे उभी राहिली. सापडली असती तर फटके होते. म्हणून खरं नावही लपवलं, तिथे ती 'रोया' झाली. ऑर्डर मिळाली, मग आणखी मिळाल्या. बैठकीची खोली शिवणघर झाली. खैरखाना वस्तीतल्या बायका काम मागायला येऊ लागल्या. ज्यांना येत नव्हतं त्यांना शिकवलं. होता होता शंभराच्या आसपास बायकांना त्या कामाचा आधार झाला.

आम्हाला यातली गंमत वेगळीच वाटते. बाईने घरातच बसावं, हा नियम. पण परक्या पुरुषाने बायकांच्या खोलीत पाऊल टाकू नये, हीही तिथली रीतच. तिच्याच आडोशाला मशीन चालली. भावाशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, तर तोच भाऊ माल पोचवू लागला. पोराच्या खांद्यावर तेव्हढं ओझं पडायला नको होतं, हेही खरं.

२००१ मध्ये तालिबानची सत्ता गेली. कमिला पुढे इतर बायकांना धंद्याचे हिशेब शिकवू लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलला परत आले, आणि २०२३ साली त्यांनी बायकांची ब्युटी पार्लरंसुद्धा बंद करायला लावली.