नहरीची गळती : खडकी आणि बुऱ्हाणपूरच्या भूमिगत पाणीव्यवस्था

सुरतेत पोहोचण्यापूर्वी तापी नदी कामरेजजवळून जाते. 'पेरिप्लस'मधील कम्मोनी म्हणजे हेच गाव असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. याच नदीच्या वरच्या भागात, तिच्या काठावर बुऱ्हाणपूर वसले आहे. नदी दाराशी असूनही तेथील मोगलांनी 1615 च्या सुमारास जमिनीखालून पाणी आणले. खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळातील या योजनेचे श्रेय तबकातुल अर्ज या इराणी जाणकारास दिले जाते. शंभराहून अधिक कुंड्या भुयारी मार्गाने एकमेकींस जोडलेल्या होत्या. कुंडी भंडारा तो हाच.

जवळपास त्याच वर्षांत, मोगलांशी झुंजणाऱ्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये वसविलेल्या खडकीत (पुढचे औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरी खोदविली. रणांगणावर परस्परांचे शत्रू असलेल्या या दोन पक्षांनी पाण्याच्या प्रश्नावर मात्र एकाच जातीचे उत्तर शोधले, ही बाब उल्लेखनीय आहे.

या व्यवस्थांमध्ये 'गळती' हा शब्द जपून वापरावा लागतो. उगमाकडील भुयारात आजूबाजूच्या थरांतून झिरपणारे पाणी आत यावे, हीच मूळ कल्पना होती. तेथे भिंत पाझरलीच पाहिजे. ती बंद झाली तर नहर उपाशी राहते. बुऱ्हाणपुरात भिंतींवर चुनखडीचे थर साचून पाझर मंदावत गेला. शहराकडील भागात याच्या उलट : तेथे भिंत किंवा नळ पाझरला की मिळविलेले पाणी मातीत जाते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यास आधी आपण नहरीच्या कोणत्या भागात उभे आहोत, हे ठाऊक असावे लागे. वरच्या भागात खरवडायचे, खालच्या भागात चुन्याने बुजवायचे. सरसकट गिलावा करणारा अतिउत्साही कारागीर नहरीचा घातच करील.

जमिनीखालचा बिघाड वरून कळावा कसा? ठराविक अंतरावर ठेवलेली विहिरीसारखी तोंडे हे त्याचे पहिले साधन. त्यांतून उतरता येते, गाळ काढता येतो, प्रवाह पाहता येतो. दुसरे साधन म्हणजे खापरी नळांच्या मार्गावरील उंच मनोरे. पुण्याच्या पेशवेकालीन कात्रज योजनेत त्यांना उच्छ्वास म्हणत. नळात कोंडलेली हवा ते बाहेर सोडतात. ज्या मनोऱ्यात पाणी वर चढून माथ्यावरील हौदात पडते व दुसऱ्या नळाने उतरते, तेथे निदानही सोपे होते. पुढच्या मनोऱ्यात पाणी कमी आणि मागचा तुडुंब भरून वाहतो, तर मध्ये मुळ्या किंवा गाळ अडकला आहे. पुढे पाणी कमी, पण मागे काहीच वावगे नाही, तर मधला नळ फुटला आहे. एवढ्या तर्काने शोध दोन मनोऱ्यांमधील अंतरापुरता उरतो. मग ओल, अवेळी वाढलेली हिरवळ, खचलेली माती पाहून नेमकी जागा उकरता येते. आजचा पाणीपुरवठा अभियंता रात्री मागणी नसताना विभागवार प्रवाह मोजतो आणि नळाला काठी लावून आवाज ऐकतो. विभाग पाडून शोध आखूड करण्याची त्याची पद्धत मुळात हीच होय.

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळील पाणचक्कीलाही दूरच्या डोंगरातून खापरी नळांनीच पाणी येई. अठराव्या शतकातील या चक्कीचे पाते पाण्याच्या धारेवर फिरे. म्हणजे नळ कोठेही गळला की त्याचा परिणाम पिठावर होई. गळतीची वर्दी देणारी यापेक्षा चोख यंत्रणा सापडणे कठीण!

विसाव्या शतकात शहराची भिस्त जायकवाडीच्या पंपाने आणलेल्या पाण्यावर गेली. नहरीच्या तोंडांवर व मार्गावर बांधकामे झाली, आणि उतरण्याची जागाच बुजल्याने बिघाड शोधणे अवघड झाले. यातील धोका केवळ पाणी वाया जाण्याचा नाही. भरून वाहणारा नळ पाणी बाहेर टाकतो. तोच रिकामा पडला की त्याच भेगेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. अधूनमधून पाणी सोडणाऱ्या आधुनिक लोखंडी नळांनाही हा नियम तसाच लागू आहे.