शिळ्या पानाचा पहारा

या मालिकेत आज लढाई नाही, किल्ला नाही. आजचा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे आणि तो कागदपत्रांचा आहे. जे सॉफ्टवेअर कोणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं, त्या मुक्त सॉफ्टवेअरची माहिती लिहितं कोण, आणि ती सांभाळतं कोण? विषय कोरडा वाटेल. मलाही वाटायचा, माझी हार्ड डिस्क पुसली जाईपर्यंत.

निवृत्तीनंतरची गोष्ट. घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवायचं ठरवलं. एका प्रकल्पाच्या विकीवर पायरीपायरीने सूचना होत्या. पेन ड्राइव्ह लावा, अमुक आज्ञा टाइप करा, शेवटी 'एसडीए' लिहा. फौजेत आयुष्य गेलेलं, हुकूम आला की पाळायचा. पाळला. पेन ड्राइव्ह राहिला बाजूला, आतल्या डिस्कवरचं सगळं गेलं. त्यात वडिलांची स्कॅन केलेली पत्रं होती. मूळ कागद आधीच वाळवीने संपवले होते आणि दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. तो दोष माझाच.

पण नंतर शोध घेतला तेव्हा कळलं, ते पान खोटं नव्हतं. पूर्वी लिनक्समध्ये आतल्या आयडीई डिस्कला 'एचडीए' म्हणत आणि पेन ड्राइव्हला बहुधा 'एसडीए' हे नाव मिळे. २००७ च्या सुमारास नवे ड्रायव्हर रुळले आणि आतली डिस्कच 'एसडीए' झाली. पान लिहिलं त्या दिवशी बरोबर होतं. गाव हललं, पाटी जुन्या जागीच राहिली. म्हणून म्हणतो, माहितीचा खरा शत्रू खोटेपणा नाही, शिळेपणा आहे.

आता जरा मागे जाऊ. ३ नोव्हेंबर १९७१ ला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्सच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती निघाली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती लिहिली. तिच्या पानांवर तारीख असे. 'बग्ज' नावाचा मथळा असे, म्हणजे आपल्याच कामातले दोष लेखक स्वतः नोंदवत. आणि शेवटी 'ओनर', म्हणजे मालक. या आज्ञेबद्दल जाब कोणाला विचारायचा ते तिथे लिहिलेलं असे. तारीख, दोष आणि जबाबदार माणूस. या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१९९१ मध्ये लिनुस टोरवाल्ड्सने लिनक्स जाहीर केलं. पुढच्याच वर्षाच्या सुमारास स्वयंसेवकांनी लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट सुरू केला. तिथल्या प्रत्येक 'हाउटू' लेखाला एक सांभाळणारा असे. अडचण एवढीच, की माणसाची नोकरी बदलते, घरात मूल येतं, उत्साह ओसरतो. लेख तिथेच राहतो, त्याचा वाली जातो.

यावर तोड निघाली ती अमेरिकेतच. २५ मार्च १९९५ ला वॉर्ड कनिंगहॅमने पहिली विकी खुली केली. होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून त्याने नाव घेतलं. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ झटपट. वाचणाऱ्यानेच चूक दिसली की पान दुरुस्त करायचं, परवानगीसाठी थांबायचं नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वभावाला ही पद्धत फार जवळची होती, म्हणून एकामागून एक प्रकल्पांनी ती उचलली.

पण काम सगळ्यांचं झालं की ते कोणाचंच राहत नाही. आपण त्याला बारभाईचा कारभार म्हणतो. गंमत बघा, १७७४ चे मूळ बारभाई असे नव्हतेच. नाना फडणवीस, सखारामबापू या मंडळींनी कामं वाटून घेतली आणि तान्ह्या सवाई माधवरावांची पेशवाई राखली. म्हणजे माणसं बारा असली म्हणून कारभार बिघडत नाही. कोणतं दार कोणी राखायचं हे ठरलेलं नसलं की बिघडतो.

पहारा नसला तर काय होतं? जेंटू लिनक्सची एक अनधिकृत विकी जगभर वापरली जायची. २००८ मध्ये तिचा डेटा गेला आणि कामाचा बॅकअप नव्हता. शेकडो लोकांची मेहनत. मग शोधयंत्रांनी साठवलेल्या प्रतींमधून लोक पानं वेचत बसले. डिसेंबर २०१२ मध्ये पायथॉन भाषेच्या विकीत एक घुसखोर शिरला आणि पुढे त्याने विकीच्या फाइली पुसून टाकल्या. वाट मिळाली ती विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्याच एका छिद्रातून.

उलट उदाहरण आर्च लिनक्सच्या विकीचं. तिथे पान शिळं दिसलं, पण दुरुस्ती जमत नसली, तर वाचक वर 'कालबाह्य' असा फलक लावतो आणि कारण लिहितो. पुढचा माणूस सावध होतो. मीडियाविकीच्या माहितीपानांवर मूळ परिच्छेद बदलला की भाषांतराचा तेवढाच तुकडा वेगळ्या रंगात दिसतो. मराठीत भाषांतर करणाऱ्यांनी हे जरूर बघावं. आपलं काम एकदा करून संपत नाही.

फौजेत एक पलटण दुसरीला मोर्चा सोपवते, तेव्हा सुरुंगांच्या नोंदी हातोहात दिल्या जातात, सह्या होतात. सुरुंग पेरणारा बदलून जातो, सुरुंग जात नाही. विकीचं पानही तसंच. लिहिणारा निघून जातो, त्याने दिलेली आज्ञा मात्र कोणीतरी अनोळखी माणूस रात्री अकरा वाजता टाइप करत असतो.

त्या प्रकल्पावर मी रागावलो नाही. खातं उघडलं आणि त्या पानावर दोन ओळी घातल्या: आधी डिस्कची यादी काढा, आकार बघून आपला पेन ड्राइव्ह ओळखा, मगच पुढे जा. खाली तारीख टाकली. आज अशी बावीस पानं माझ्याकडे आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेक उघडतो, आज्ञा स्वतः जुन्या संगणकावर चालवून बघतो, मग तारीख बदलतो. नवीन काही लिहीत नाही. नुसता पहारा.

वडिलांची पत्रं परत येणार नाहीत. पण त्या पानावरून आता दुसऱ्या कोणाची जाणार नाहीत.

तुम्ही वापरता त्या सॉफ्टवेअरचं एखादं पान आज उघडून बघा. त्याची तारीख बघा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.