बालाघाट, पाणी आणि कॅमेरा

बीड जिल्ह्यांतील बालाघाटच्या दऱ्यांतून मोटारीनें हिंडत छायाचित्रें घेण्याचा बेत आज एका संध्याकाळीं आंखतां येतो. शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं मात्र अशा बेतांत पहिला प्रश्न पाण्याचा असे.

फ्रेडरिक आर्चर यांनीं १८५१ मध्यें ओल्या काचेची कृति प्रसिद्ध केली. तींत रसायन लावलेली कांच वाळण्यापूर्वींच चित्र घेऊन तें उमटवावें लागे. त्यासाठीं काळोखी राहुटी, औषधांच्या बाटल्या व भरपूर पाणी जवळ हवें. पर्जन्यछायेंतल्या या मुलखांत उन्हाळ्यांत कांच लवकर वाळावयाची आणि पाणी दूर असावयाचें! जेम्स बर्जेस यांनीं १८७५-७६ च्या मोसमांत अंबाजोगाईच्या लेण्यांची पाहणी केली, ती याच काळांत. कोरड्या काचेचा शोध १८७१ मधला. ती रूढ झाली व पुढें फिल्म आली, तेव्हां छायाचित्रकार पाण्याच्या पाशांतून सुटला.

परंतु खरोखर सुटला काय? सौताड्याच्या दरींत विंचरणा नदी पावसाळ्यांत उडी घेते; चैत्रांत तेथें नुसता कडा उरतो. पाटोदा, मांजरसुंब्याजवळील कपिलधार, केज आणि अंबाजोगाईचे दगडी हत्ती, असा मार्ग धरणाऱ्यानें महिना आधीं ठरवावा, वाट मागून. एका रिळांत छत्तीसच चित्रें. म्हणून प्रत्येकाची तारीख वहींत टिपावी. हा ओढा कोणत्या वर्षीं, कोणत्या महिन्यांत वाहत होता, हें पुढच्या पिढीला तेवढ्यावरूनच कळेल.